‘नैसर्गिक’ पिसूनाशके आणि मांजराची त्वचा : इतिहास काय सांगतो?



काही दिवसांपूर्वी एक आई आणि तिची नववीतली मुलगी माझ्या दवाखान्यात आल्या. दोघींच्या गुडघ्याखाली लाल पुरळ होते, कुठे तीन ठिपके एका ओळीत, कुठे दोन. रात्री खाजवून खाजवून जखमा झाल्या होत्या. मी विचारले, “घरात मांजर आहे का?”

मुलगी म्हणाली, “आहे ना. पण तिलाच बरं नाहीये.”

मांजरीला पिसवा झाल्या होत्या. रासायनिक औषध नको म्हणून आईने एक ‘शंभर टक्के नैसर्गिक’ तेल आणले. त्यात कडुनिंबाचे तेल होते, कापूर होता आणि दोन-तीन सुगंधी तेले होती. ते तिने मांजरीच्या मानेपासून शेपटीपर्यंत चांगले चोळले. दुसऱ्या दिवशी मानेची कातडी लालभडक झाली, केस झुपक्याने गळू लागले, तोंडातून लाळ येऊ लागली.

“डॉक्टर, केमिकल नको म्हणूनच तर हे आणलं. झाडपाल्याचं औषध आहे, मग असं कसं झालं?”

मी माणसांची डॉक्टर आहे, पशुवैद्य नाही. म्हणून पुरळासाठी त्या दोघींना औषध दिले आणि मांजरीला त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यायला सांगितले. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते. हा प्रश्न जुना आहे आणि त्याचा इतिहास माणसांनाही उपयोगी आहे. तोच आज तुमच्यासाठी लिहीत आहे.

पिसू जुनी, तिच्यावरची वनस्पतीही जुनी

पिसवांसाठी वनस्पती वापरणे ही आजची फॅशन नाही. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने पेनीरॉयल या पुदिन्याच्या कुळातल्या वनस्पतीचा पिसवांवरचा उपाय म्हणून उल्लेख केला आहे. लॅटिनमध्ये पिसूला ‘प्युलेक्स’ म्हणतात. त्यावरूनच या वनस्पतीला ‘प्युलेजियम’ हे नाव पडले असे मानतात, आणि १७५३ साली लिनियसने तिच्या शास्त्रीय नावात ते कायम ठेवले.

आता याच वनस्पतीची दुसरी बाजू पाहा. तिच्या तेलात प्युलेगोन नावाचा घटक असतो. शरीरात गेल्यावर यकृत त्याचे रूपांतर आणखी विषारी पदार्थात करते आणि त्यात यकृताच्याच पेशी मरतात. पिसवांसाठी अंगाला पेनीरॉयल तेल लावलेला एक कुत्रा यकृत निकामी होऊन दगावल्याची नोंद १९९२ साली अमेरिकेतील पशुवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नावातच पिसू असलेली, दोन हजार वर्षे वापरात असलेली वनस्पती! ‘पूर्वापार वापरतात’ आणि ‘सुरक्षित आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे इथेच लक्षात घ्या.

शेवंतीच्या कुळातले फूल

पिसूनाशकांच्या इतिहासातले सर्वांत मोठे नाव म्हणजे पायरेथ्रम. आपल्या शेवंतीच्या जवळचे, पांढऱ्या पाकळ्यांचे आणि पिवळ्या मध्याचे हे फूल. वाळवून त्याची पूड केली की ती पिसवा, ढेकूण, झुरळे यांना मारते. एकोणिसाव्या शतकात कॉकेशस भागातून ही पूड ‘पर्शियन पावडर’ म्हणून युरोपात गेली. योहान झाखर्ल या व्यापाऱ्याने तिफ्लिस, म्हणजे आजचे तिबिलिसी, येथून तिचा व्यापार सुरू केला आणि पुढे व्हिएन्नात ‘झाखर्लिन’ नावाने ती घराघरांत पोचवली. आज क्रोएशियात असलेल्या डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर या फुलांची शेती होऊ लागली. मग हे पीक जपानमध्ये गेले. तिथे या पुडीतूनच डास पळवणारी उदबत्ती आणि नंतर तिचे वेटोळे, म्हणजे आपली मच्छर कॉइल, जन्माला आली. पुढे केनियातही मोठी लागवड झाली.

या फुलातल्या कीटकनाशक घटकांना पायरेथ्रिन म्हणतात. ते कीटकाच्या मज्जातंतूंमधली सोडियमची दारे उघडी ठेवतात. मज्जातंतू सतत संदेश पाठवत राहतो, कीटक थरथरतो, लुळा पडतो आणि मरतो. माणसाचे शरीर हा पदार्थ पटकन मोडून टाकते. म्हणून पायरेथ्रमची ख्याती ‘किड्याला विष, माणसाला निर्धोक’ अशी झाली. ती बरीचशी खरी होती. पण तिला पहिला तडा गेला तो त्वचेवर.

कामगारांच्या हातांनी दिलेली साक्ष

१९२१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये मॅककॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायरेथ्रम उद्योगातल्या कामगारांच्या त्वचाविकारांची नोंद केली. फुलांची पूड हाताळणाऱ्यांना त्वचादाह होत होता. कामगार म्हणजे काही पिसवा नव्हेत. मग त्यांना हा त्रास का?

उत्तर पुढे मिळाले. फुलात पायरेथ्रिनबरोबर इतरही अनेक रसायने असतात. त्यातले पायरेथ्रोसिन हे सेस्क्विटर्पीन लॅक्टोन गटातले रसायन ॲलर्जी निर्माण करते. म्हणजे कीटक मारणारा घटक वेगळा आणि त्वचा बिघडवणारा घटक वेगळा, पण दोन्ही एकाच फुलात. निसर्ग एकच घटक वेगळा काढून देत नाही, तो पूर्ण मिश्रण देतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हा गट ओळखीचा आहे, नाव माहीत नसले तरी. १९५०च्या दशकात पुण्यात एक नवे तण दिसू लागले, ज्याला आपण गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो. ते उपटताना ज्यांच्या हातांना, मानेला, पापण्यांना पुरळ आले आणि वर्षानुवर्षे गेले नाही, असे शेतकरी आणि माळी मी स्वतः तपासले आहेत. त्या गवतातला पार्थेनिन हा घटकही सेस्क्विटर्पीन लॅक्टोनच, आणि ते गवतही शेवंतीच्याच कुळातले. गाजर गवत शंभर टक्के नैसर्गिक आहे. त्याला अंगाला लावावे असे कुणी म्हणणार नाही.

फुलाची नक्कल आणि माझी चूक

१९२४ साली स्टाउडिंगर आणि रुझिका या रसायनशास्त्रज्ञांनी पायरेथ्रिनच्या रचनेवरचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. पायरेथ्रिन उन्हात लवकर निकामी होते, म्हणून त्याची टिकाऊ नक्कल बनवण्याचे प्रयत्न सुरू झाले. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे मायकेल इलियट यांच्या गटाने १९७३ साली परमेथ्रिन जगासमोर आणले. शेतीत, मच्छरदाण्यांत, कुत्र्यांच्या पिसूनाशकांत आणि माणसांच्या खरजेच्या मलमात आज ते वापरले जाते.

माणसासाठी ते चांगले औषध आहे. कुत्रेही ते सहन करतात. मांजर मात्र नाही. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत ४५ ते ६५ टक्के परमेथ्रिन असते. त्याचे काही थेंबही मांजराला झटके आणू शकतात.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कुटुंबाला मी खरजेसाठी परमेथ्रिनचे मलम लिहून दिले होते. घरात मांजर आहे का, हे विचारले नव्हते. ट्यूबमध्ये मलम उरले. मांजरही खाजवत होती, म्हणून घरच्यांनी तेच तिला लावले. ‘डॉक्टरांनीच दिलंय’ हा त्यांचा भरवसा होता. दोन दिवस ती मांजर थरथरत होती, झटके येत होते. पशुवैद्यकाने तिला वाचवले. घरच्यांनी मला दोष दिला नाही, पण चिठ्ठीवर एक ओळ लिहायला हवी होती ती मी लिहिली नव्हती. आता लिहिते : “मांजराला लावू नये.” आणि मागे वळून पाहते तेव्हा शंका येते, की त्या घरात खरूज नसून पिसवाच असाव्यात.

‘केमिकल नको’ची लाट

१९६२ साली रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक आले. डीडीटीसारख्या कीटकनाशकांचे दुष्परिणाम लोकांना कळले आणि १९७२ साली अमेरिकेने डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. हा बदल योग्यच होता. पण त्यातून एक चुकीचा निष्कर्षही रुजला : कारखान्यातले ते विष, झाडातले ते अमृत. प्राण्यांसाठी संत्र्याच्या सालीचे, टी ट्रीचे, लवंगेचे, दालचिनीचे, पेपरमिंटचे पिसूनाशक बाजारात आले. त्यानंतर मांजरांच्या नोंदीही येऊ लागल्या.

*संत्र्याची साल :* तिच्यात लिमोनीन असते. १९८६ साली लिमोनीनयुक्त द्रावणाचा मांजरांवर अभ्यास झाला. लेबलवरच्या प्रमाणापेक्षा कितीतरी पट तीव्र द्रावण वापरल्यावर लाळ गळणे, तोल जाणे, थरथर, अंग गार पडणे हे परिणाम दिसले. बोक्यांच्या अंडकोशाभोवतीची नाजूक कातडी सोलवटली. २००२ साली लिमोनीनयुक्त शाम्पू लावल्यावर एका मांजराची त्वचा मृत होऊन जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याची नोंद प्रसिद्ध झाली.

*टी ट्री ऑइल :* १९९८ साली अमेरिकेतून तीन अंगोरा मांजरांची हकीकत प्रसिद्ध झाली. पिसवांसाठी त्यांचे केस काढून उघड्या कातडीवर पातळ न केलेले तेल लावले होते. एक मांजर दगावली. पुढे २०१४ साली दहा वर्षांतल्या ४४३ प्राण्यांचा आढावा आला. त्यात ३३७ कुत्रे आणि १०६ मांजरे होती. दहापैकी जवळपास नऊ वेळा मालकाने हे तेल मुद्दाम, उपाय म्हणूनच वापरले होते. म्हणजे चुकून बाटली सांडली असे नव्हते. प्रेमापोटीच केले होते.

*वनस्पतिजन्य पिसूनाशके :* २०१२ सालच्या एका पाहणीत अशी उत्पादने वापरलेल्या ४८ प्राण्यांचा अभ्यास झाला. त्यात ३९ मांजरे होती. ४८ पैकी ४४ प्राण्यांत काही ना काही दुष्परिणाम दिसला. इथे मात्र घाबरून जाऊ नका. या नोंदी विषबाधा सल्ला केंद्रातल्या आहेत, आणि त्रास झाल्यावरच लोक तिथे फोन करतात. त्यामुळे शंभरातल्या किती मांजरांना त्रास होतो, हे या आकड्यांवरून काढता येत नाही. पण त्रास होऊ शकतो आणि तो नेहमी किरकोळ नसतो, एवढे नक्की कळते.

मांजरच का?

१९५८ साली रॉबिन्सन आणि विल्यम्स यांनी एका छोट्या शोधनिबंधाला शीर्षकच प्रश्नाचे दिले होते : मांजरे ग्लुकुरोनाइड बनवतात का? प्रश्न विचित्र वाटेल, पण त्यात आपल्या गोष्टीचे मर्म आहे.

तुमचे-माझे यकृत अनेक परक्या रसायनांना ग्लुकुरोनिक ॲसिड जोडते. त्यामुळे ती पाण्यात विरघळतात आणि लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर पडतात. नवजात बाळात ही यंत्रणा पुरती तयार नसते, म्हणून अनेक बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते, हे तुम्ही पाहिले असेल. बाळाची यंत्रणा काही दिवसांत सुरू होते. मांजरात याच यंत्रणेचा एक भाग कायमचा बंद असतो. १९९७ ते २०००च्या सुमारास अमेरिकेतील कोर्ट आणि ग्रीनब्लॅट यांनी दाखवले की यूजीटी-१ए-६ हे विकर बनवणारे मांजराचे जनुकच मोडलेले आहे. पुढे वाघ-सिंहांतही तेच दिसले. मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. यकृताच्या बाबतीत ते अगदी खरे आहे. पिढ्यान्‌पिढ्या केवळ मांस खाणाऱ्या प्राण्याला वनस्पतींतली रसायने निकामी करण्याची गरजच पडली नाही, म्हणून हे जनुक टिकले नाही असे मानतात.

म्हणूनच आपल्याला तापात दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. म्हणूनच फिनेल घातलेल्या ओल्या फरशीवरून चालून मांजराने पंजे चाटणे धोक्याचे आहे. आणि सुगंधी तेलांतले अनेक घटक बाहेर टाकण्याचा मार्गही मांजरात अरुंद असतो.

त्यात मांजराची सवय. आपण पाठीवर लावलेले तेल ती तासाभरात जिभेने चाटून पोटात घेते. तिच्यासाठी लावायचे औषध आणि पोटात घ्यायचे औषध असा फरक उरत नाही. शिवाय पिसवांनी चावलेली, खाजवून सोललेली कातडी तेल जास्त शोषते. आणि शरीर जेमतेम तीन-चार किलोचे.

आणखी एक गोष्ट. लिमोनीन आणि टी ट्रीची तेले उघड्या बाटलीत हवेशी संयोग पावतात आणि त्यातून अधिक दाहक, अधिक ॲलर्जीकारक पदार्थ तयार होतात. माणसांच्या त्वचेवर हे चांगले सिद्ध झाले आहे. म्हणून वर्षभर कपाटात पडलेली बाटली तर अजिबात वापरू नका.

कडुनिंबाबद्दल तुम्ही विचारालच. त्याबद्दल मलाही आदर आहे. पण १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये मलेशियातल्या लहान मुलांची नोंद आली होती. घरगुती उपाय म्हणून पाजलेल्या कडुनिंबाच्या तेलाने त्यांच्या मेंदूवर आणि यकृतावर गंभीर परिणाम झाला होता. पाल्याच्या काढ्याने अंग पुसणे वेगळे, घट्ट तेल चोळणे वेगळे आणि ते पोटात जाणे आणखी वेगळे.

पिसूचे पुरळ की औषधाचे?

हे नक्की करणे पशुवैद्यकाचे काम आहे. तुम्ही नीट निरीक्षण करून त्यांना माहिती द्या.

• पिसूची ॲलर्जी : मान, पाठ आणि शेपटीच्या बुडाशी बाजरीच्या दाण्यांएवढ्या खपल्या. उलट हात फिरवला की जास्त जाणवतात. मांजर सतत चाटते, केस विरळ होतात. हा त्रास हळूहळू वाढतो.
• औषधाचा दाह : जिथे औषध लावले नेमकी तीच जागा काही तासांत ते दोन दिवसांत लाल, ओलसर, सुजलेली. हात लावू देत नाही. केस झुपक्याने गळतात.
• विष शरीरात गेल्याची लक्षणे : लाळ, थरथर, तोल जाणे, अंग गार पडणे, सुस्ती, झटके. यातले एकही दिसले तर सकाळपर्यंत थांबू नका.

काय करावे?

१. मांजर शुद्धीवर असेल, झटके नसतील तर भांडी घासायच्या सौम्य लिक्विडने आणि कोमट पाण्याने तेल धुऊन काढा. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. मग लगेच कोरडे करून उबेत ठेवा.
२. चाटू देऊ नका. टॉवेलमध्ये गुंडाळून धरा.
३. बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो पशुवैद्यकाकडे घेऊन जा.
४. उलटी करवू नका.

काय करू नये?

१. भाजल्यासारखे दिसते म्हणून खोबरेल, हळद, टूथपेस्ट किंवा घरातले कोणतेही मलम लावू नका.
२. कुत्र्याचे पिसूनाशक मांजराला लावू नका, ‘अर्धेच लावते’ म्हणूनही नाही.
३. पिसवांसाठी लसूण खाऊ घालू नका. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.
४. केरोसीन, फिनेल, कापराचे तेल अंगाला लावू नका.

मग पिसवांचे काय? पिसवांची अंडी आणि अळ्या मांजरावर कमी आणि तुमच्या चटईत, सोफ्यात, गादीच्या कडेला जास्त असतात. बारीक दातांचा कंगवा रोज फिरवा आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात टाका. मांजराचे अंथरूण आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवा, कानाकोपरे झाडून किंवा व्हॅक्यूमने स्वच्छ करा. आणि मांजरासाठीच बनवलेले औषध, तिचे वजन करून, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरा. खरे सांगायचे तर या यादीतला कंगवा हाच सर्वांत निर्धोक उपाय आहे.

त्या आईला मी शेवटी एवढेच सांगितले : “तुम्ही निष्काळजी नव्हता. बाटलीवर अर्धीच माहिती होती.” झाडे कीटकांपासून स्वतःला वाचवण्यासाठी विष बनवतात. पिसूवर चालते ते विष म्हणूनच. ते कुणाला किती सोसेल हे घेणाऱ्याच्या शरीरावर ठरते.

त्यांची मांजर बरी आहे. मानेवर नवे केस येत आहेत. मायलेकींचे पुरळही गेले, कारण घरातल्या पिसवा गेल्या.

तुमच्या घरात मांजर असेल आणि तुम्हाला पुरळ असेल, तर तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाही तरी तुम्ही आपणहून सांगा. आणि आमच्याकडून मिळालेले कोणतेही मलम तिला लावण्याआधी तिच्या डॉक्टरांना विचारा.

काळजी घ्या.

(हा लेख सर्वसामान्य माहितीसाठी आहे. तुमच्या मांजराच्या उपचारांसाठी पशुवैद्यकाचा प्रत्यक्ष सल्ला घ्यावा.)